साधू सुंदरसिंग : पंधराव्या वर्षी सापडलेली शांती

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहून द्यायचे, असे आपल्या बॅचच्या ग्रुपवर ठरले तेव्हा मी पळवाट शोधत होते. वीसहून जास्त वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढली. कोड लिहिते, ईमेल लिहिते, पण मराठीत सलग चार पाने दहावीच्या निबंधानंतर लिहिलेली नाहीत. मग संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सुचवले, की शाळेच्या दिवसांत मनात घर करून बसलेल्या एखाद्या व्यक्तीवर लिही. शिक्षकांवर बरेच जण लिहिणार आहेत, तेव्हा जमल्यास बाहेरची व्यक्ती घे. तिचा फोन ठेवला आणि मला शाळेच्या ग्रंथालयातले एक पातळ पुस्तक आठवले.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, नववीच्या दुसऱ्या सत्रात माझी आई गेली. तेव्हा वर्गाने मिळून लिहिलेले पत्र अजून माझ्या कपाटात आहे. पण त्यानंतरच्या दिवसांतली मी तुम्हाला वेगळ्याच कारणासाठी लक्षात असेन. मी कंपासपेटी भिंतीवर फेकली होती. जिच्याबरोबर रोज डबा खायचे, तिच्याशी तीन महिने बोलले नव्हते. वह्या कोऱ्या राहिल्या आणि कितीतरी तास मी वर्गाबाहेर उभी राहून काढले. आमचे घर ख्रिस्ती. आई दर रविवारी मला आणि धाकट्या भावाला चर्चला न्यायची, रात्री निजण्यापूर्वी प्रार्थना म्हणवून घ्यायची. ती गेली आणि मी चर्चला जाणे सोडले. पाळकसाहेब घरी आले की मागच्या दाराने निघून जायची. आईसाठी केलेली प्रार्थना देवाने ऐकली नाही, तेव्हा त्याच्याशी माझे बोलणे संपले, असा माझा हिशोब होता.

एके दिवशी ग्रंथालयाच्या तासाला बाईंनी माझ्यापुढे साधू सुंदरसिंगांचे चरित्र ठेवले. बाई स्वतः ख्रिस्ती नव्हत्या. वाचून बघ, परत करायची घाई नाही, एवढेच सांगून त्या दुसऱ्या टेबलाकडे वळल्या. साधूंचा फोटो मला माहीत होता. संडे स्कूलच्या खोलीत तो टांगलेला होता: लांब कफनी, डोक्याला फेटा, काळी दाढी, शांत डोळे. आता पुन्हा उपदेश, असे मनाशी म्हणत मी पुस्तक उघडले. पण पहिल्या काही पानांत मला साधू भेटलेच नाहीत. भेटला तो आई गेलेला, रागाने दगड मारत सुटलेला एक मुलगा. त्याचीच गोष्ट आज सांगते. तो मुलगा असेपर्यंत मी त्याला सुंदर म्हणणार आहे आणि एकेरीत बोलणार आहे.

सुंदरचा जन्म ३ सप्टेंबर १८८९ रोजी पंजाबातल्या रामपूर या गावी झाला. लुधियानाच्या बाजूचे हे गाव तेव्हा पतियाळा संस्थानात मोडत असे. वडील शेरसिंग हे शीख जमीनदार, घरची चांगली श्रीमंती. सुंदर धाकटा आणि आईचा फार लाडका. आई मोठी भाविक होती. गुरू ग्रंथसाहिबावर तिची निष्ठा होती आणि हिंदू साधुसंतांबद्दलही तितकाच आदर होता. ती सुंदरला घेऊन साधूंच्या दर्शनाला जाई. भावंडांसारखा प्रपंचात न गुंतता या मुलाने संन्यासी व्हावे आणि मनाची शांती शोधावी, असे तिच्या मनात होते. सातव्या वर्षी सुंदरची सगळी भगवद्गीता पाठ होती.

शिक्षणासाठी त्याला गावातल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत घातले. तिथे रोज बायबलचा तास असे आणि त्या तासाचा सुंदरला तिटकारा होता. आपल्या घरच्या धर्मात काय कमी आहे, हा त्याचा प्रश्न होता आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता. आईने त्याला दिले होते ते खरेच मोलाचे होते.

तो चौदा वर्षांचा असताना आई वारली.

त्यानंतरचे वर्षभर जे झाले, त्याला मोठ्या माणसांच्या भाषेत वाया जाणे म्हणतात. सुंदरने मुलांची टोळी जमवली. प्रचारक दिसले की ही मुले त्यांच्यावर दगड आणि चिखल फेकत. ख्रिस्ती पुस्तके हाती लागली की फाडत. दुसरीकडे हाच मुलगा रात्र रात्र जागून ग्रंथसाहिब, उपनिषदे, कुराण वाचत होता, जाणत्या माणसांकडून योग शिकत होता. आई ज्या शांतीबद्दल बोलायची ती कुठे मिळते, हे तो ज्याला त्याला विचारी. उत्तर एकच मिळे, की या गोष्टी कळायला वय व्हावे लागते, तू अजून लहान आहेस. सुंदरला हे पटत नसे. भुकेल्या मुलाला कोणी मोठा झाल्यावर जेव असे सांगत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

हे वाचताना मी पुस्तक मिटले होते, ते मला अजून आठवते. मलाही सगळे तेच सांगत होते: वेळ जाऊ दे, मोठी झालीस की समजेल.

१६ डिसेंबर १९०४ रोजी सुंदरने घराच्या अंगणात ख्रिस्ती धर्मग्रंथाची पाने फाडून जाळली. वडिलांना हे रुचले नाही. कुठलाही धर्मग्रंथ असा जाळू नये, म्हणून ते त्याला रागावले. जाळून सुंदरला बरे वाटायला हवे होते, पण बेचैनी आणखी वाढली. पुढचे दोन दिवस कसेबसे गेले. १८ डिसेंबरला पहाटे तीनच्या सुमारास तो उठला. कडाक्याच्या थंडीत, घरच्या रीतीप्रमाणे, गार पाण्याने अंघोळ केली आणि खोली बंद करून प्रार्थनेला बसला. देव असेल तर त्याने आता वाट दाखवावी, नाही तर पहाटेची गाडी यायच्या आत आपण जीव द्यायचा, असे त्याने ठरवले होते. रेल्वेचा रूळ घराजवळूनच जात होता.

त्याला पंधरा वर्षे आणि साडेतीन महिने झाले होते. घरातले सगळे झोपेत होते.

पुढे काय झाले ते सुंदर जन्मभर एकाच प्रकारे सांगत आला. खोलीत उजेड वाढत गेला. आग लागली की काय, असे त्याला आधी वाटले. मग त्या प्रकाशात एक रूप दिसले. कृष्ण दिसेल, बुद्ध दिसेल, अशी त्याची अपेक्षा होती. दिसला तो येशू, ज्याचे पुस्तक त्याने परवाच जाळले होते. त्याने दोष दिला नाही. तू मला किती दिवस छळणार, मी तर तुझ्यासाठी जीव दिला, अशा अर्थाचे काही सुंदरला ऐकू आले. तो पाया पडला. उठला तेव्हा खोलीत कोणी नव्हते, पण वर्षभर त्याला पोखरणारी तगमग शमली होती आणि जिच्यासाठी तो झुरत होता ती शांती आत उतरली होती. उजाडायच्या आधीच त्याने वडिलांना उठवून हे सांगितले. परवा बायबल जाळणारा मुलगा आज येशूचे नाव घेतो म्हणजे याचे डोके ठिकाणावर नाही, असे समजून शेरसिंगांनी त्याला परत झोपायला पाठवले.

मी इंजिनिअर आहे. त्या खोलीत नेमके काय घडले ते मोजायचे यंत्र माझ्याकडे नाही. कोणी म्हणेल उपाशी, जागरणाने शिणलेल्या मनाचा तो भास. मी श्रद्धावान आहे, मला तो भास वाटत नाही. पण यावर तुमच्याशी वाद घालण्यात मला रस नाही. त्यानंतर पंचवीस वर्षे हा माणूस कसा जगला, हे मात्र कोणालाही तपासता येते.

शांती मिळाली म्हणजे अडचणी संपल्या, असे अजिबात झाले नाही. खऱ्या अडचणी त्या पहाटेनंतर सुरू झाल्या. घरच्यांनी आधी समजावले, मग इस्टेटीचे आमिष दाखवले, मग कुळाच्या अब्रूची आण घातली. सुंदरने केस कापले. शीख घरात याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. वडिलांनी त्याला घराबाहेर काढले. ती थंडीची रात्र त्याने झाडाखाली काढली. चरित्रकार सांगतात, की घरून निघताना त्याला दिलेल्या अन्नात विष होते. वाटेत रोपड इथे तो मरणाच्या दारात पोचला आणि तिथल्या ख्रिस्ती कुटुंबाने त्याची शुश्रूषा केली. नंतर मिशनच्या लोकांनी त्याला लुधियानाला आणि तिथून सिमल्याजवळच्या सबाथूला ठेवले. ३ सप्टेंबर १९०५ रोजी, सोळाव्या वाढदिवशी, सिमल्याच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतर महिना-सव्वामहिन्यात त्याने भगवी कफनी अंगावर घेतली. इथून पुढे मी त्यांना साधू म्हणते आणि आदरार्थी बोलते.

भगवे घातलेला ख्रिस्ती माणूस तेव्हा फारसा कोणी पाहिलेला नव्हता. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबाचा वेष, साहेबाचे नाव, साहेबाच्या बंगल्याच्या आवारातले घर, अशीच समजूत होती. पाश्चात्त्य भांड्यातून दिलेले जीवनाचे पाणी हिंदुस्थानी माणूस पिणार नाही, ते त्याच्याच भांड्यातून द्यायला हवे, असे साधू म्हणत. त्यांची आई त्यांना संन्यासी करू पाहत होती. येशूचे होऊनही त्यांनी आईची ती इच्छा पुरी केली, हे मला फार हृद्य वाटते. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार मांडला तो याच ओढीने. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत या दोघांची नावे म्हणूनच सारख्याच मायेने घेतली जातात.

पायात काही नाही, जवळ पैसा नाही, हातात नवा करार, अशा रीतीने साधू सर्वप्रथम आपल्याच रामपूरला गेले. मग पंजाब, काश्मीर, बलुचिस्तान, अफगाणिस्तानची सरहद्द. कुठे भाकरी मिळाली, कुठे दगड. काही काळ सॅम्युअल स्टोक्स हा अमेरिकन तरुण त्यांच्यासोबत होता. हेच स्टोक्स पुढे हिमाचलातल्या कोटगडला स्थायिक झाले आणि त्यांनी तिथे सफरचंदाच्या बागा रुजवल्या. दोघांनी सबाथूच्या कुष्ठरोग्यांची आणि प्लेगच्या रोग्यांची सेवा केली. साधू तेव्हा अठरा वर्षांचे होते. आपण त्या वयात सीईटीच्या मार्कांवरून रडत होतो.

१९०८ साली ते पहिल्यांदा तिबेटात गेले आणि पुढे उन्हाळा आला की तिकडेच जाऊ लागले. तिबेटातली एक गोष्ट ते नेहमी सांगत. बर्फाच्या वादळात ते आणि एक तिबेटी सोबती घाट ओलांडत होते. वाटेत घसरून पडलेला, अर्धमेला माणूस दिसला. सोबती म्हणाला, याला उचलले तर आपणही मरू, आणि तो पुढे निघून गेला. साधूंनी त्या माणसाला पाठीवर घेतले. ओझ्याने अंगाला घाम फुटला, त्या उबेने पाठीवरचा माणूसही हलू लागला. गावाजवळ पोचता पोचता त्यांना तो पुढे गेलेला सोबती दिसला. एकटाच थंडीने गोठून मेला होता.

नववीत ही गोष्ट वाचून मी काय केले, ते सांगू? माझा भाऊ तेव्हा पाचवीत होता आणि आई गेल्यापासून रात्री अंथरूण ओले करत होता. मी त्याच्यावर ओरडत असे. त्या रात्री मी न बोलता चादर बदलली आणि त्याच्या शेजारी निजले. आईची प्रार्थना त्यालाही पाठ होती. तो म्हणू लागला आणि मी ऐकत राहिले. मला लगेच काही मिळाले नाही, प्रकाश तर मुळीच दिसला नाही. पण आई गेल्यापासून पहिल्यांदाच मला रात्रभर झोप लागली.

साधूंच्या आयुष्यातला पुढचा भाग इंजिनिअर म्हणून मला सर्वांत जवळचा आहे. १९०९ मध्ये त्यांना लाहोरच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात घातले. ते तिथे रमले नाहीत. काही महिन्यांनी बाहेर पडले. मिळालेला प्रचाराचा परवानाही त्यांनी परत केला, कारण तो एकाच पंथाच्या हद्दीपुरता होता आणि त्यांना सगळ्यांकडे जायचे होते. आणि मग १९१३ मध्ये, हरिद्वार-डेहराडूनच्या बाजूच्या जंगलात, येशूप्रमाणे चाळीस दिवस उपास करायला ते बसले. चाळीस दिवस पुरे झाले नाहीत. बेशुद्ध पडलेल्या साधूंना लाकूडतोड्यांनी उचलून आणले आणि ते वारल्याच्या बातम्याही पसरल्या. ते वाचले आणि नंतर त्यांनी सांगितले, की आपल्या मनात एक शंका होती. ही शांती खरोखर देवाकडून आहे की आपल्याच तरुण शरीराची, आपल्याच मनाची ही एखादी शक्ती आहे? उपासात अंगातली सगळी शक्ती गेली तेव्हा शांती कमी व्हायला हवी होती. ती वाढली. तेव्हा त्यांची शंका फिटली.

हा प्रयोग कोणी करू नये, तो जिवावर बेतला होता. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळे. पंधराव्या वर्षी एवढे दर्शन घडलेल्या माणसाच्या मनातही नऊ वर्षांनी शंका होती आणि ती त्याने लपवली नाही. दमलेले असताना लोक भेटायला आले की आपल्याला चीड येते, हेही त्यांनी कबूल केले आणि त्या उपासानंतर ती कमी झाल्याचे सांगितले. श्रद्धा असली की शंका येत नाही, राग येत नाही, उदास वाटत नाही, असे आमच्या मुलांना कोणी सांगत असेल तर त्याने साधूंचे चरित्र वाचलेले नाही. आमच्या पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेत देवावर रुसलेली, त्याच्याकडे तक्रार करणारी कितीतरी स्तोत्रे आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. ते गाळून टाकावे, असे कोणाला वाटले नाही.

१९१८ मध्ये साधू दक्षिण हिंदुस्थानात आणि सिलोनात फिरले आणि त्यांचे नाव सगळीकडे झाले. मग ब्रह्मदेश, मलाया, चीन, जपान. १९२० मध्ये इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया. १९२२ मध्ये स्वित्झर्लंड, जर्मनी, स्वीडन आणि युरोपातले इतर देश. ज्या चर्चमध्ये ते बोलत ते ओसंडून जाई. नुकत्याच झालेल्या महायुद्धात मुले गमावलेले लोक त्यांना ऐकायला येत. साधूंना मात्र तिकडची सुबत्ता पाहून वाईटच वाटले. सगळे काही आहे, पण दोन घटका देवाजवळ गप्प बसायला कोणाला सवड नाही, असे त्यांचे मत झाले.

या दौऱ्यामागे एक गोष्ट आहे. इंग्लंडला जायचे भाडे त्यांना शेरसिंगांनी दिले. ज्या बापाने पोराला घराबाहेर काढले होते, तो १९१९ च्या सुमारास स्वतः येशूच्या मार्गावर आला होता. चौदा-पंधरा वर्षे या मुलाने बापावर राग धरला नाही, त्याच्याकडे जाणे-येणे सोडले नाही. दगड मारणाऱ्या मुलाचे काय झाले, याचा याहून मोठा पुरावा मला लागत नाही.

पुरावे मागणारेही होते. युरोपात नाव झाल्यावर त्यांच्या तिबेटातल्या अद्भुत कथांवर विद्वानांनी बोट ठेवले. काहींनी त्यांना खोटारडे ठरवले, काहींनी त्यांच्या बाजूने ग्रंथ लिहिले. त्यातले खरे किती आणि वाढलेले किती, याचा निवाडा मी करणार नाही. साधूंनी या वादात फारसे उत्तर दिले नाही. प्रकृती ढासळत होती. सबाथूच्या घरात राहून ते छोटी छोटी पुस्तके लिहीत होते. पहिले उर्दूत लिहिलेले पुस्तक गुरुचरणी बसलेल्या शिष्याच्या संवादांचे होते.

१८ एप्रिल १९२९ रोजी, मित्र नको म्हणत असताना, ते पुन्हा तिबेटच्या वाटेला लागले. वय चाळिशीच्याही आतले. त्यानंतर त्यांना कोणी पाहिले नाही. मित्रांनी शोध घेतला, काही हाती लागले नाही. १९३३ मध्ये सरकारने त्यांना मृत मानले. कबर नाही, समाधी नाही.

इथे लेख संपवला असता. पण गेल्या वर्षी घरात एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय मला हे चरित्र पुरे झाल्यासारखे वाटणार नाही.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिचे हसणे थांबले. दार बंद, फोन हातात, जेवण अर्धे ताटात, शाळेतून तक्रारी. मी कामात होते. आमच्याकडे सिस्टीम बंद पडली तर रात्री कोणाचा फोन वाजायचा, त्याची पाळी लावलेली असते. दोन मिनिटांत उत्तर दिले नाही तर तो फोन पुढच्या माणसाला जातो. माझी अशी पाळी मी एकदाही चुकवलेली नाही. आणि पलीकडच्या खोलीत पोरगी पहाटेपर्यंत जागी असते, हे मला महिनाभर कळले नाही.

कळले तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. तिला समुपदेशकांकडे घेऊन गेले, आणि रात्री तिच्या पलंगाच्या कडेला बसून तिला सुंदरची गोष्ट सांगितली, थोडी थोडी, आठवडाभर. तिने शेवटपर्यंत ऐकली. मग तिने दर्शनाबद्दल काही विचारले नाही, तिबेटबद्दल नाही. तिने विचारले, की पहाटे तीन वाजता तो मुलगा खोलीत एकटा होता तेव्हा त्याचे बाबा कुठे होते?

तीस वर्षे मी हे चरित्र सुंदरच्या बाजूने वाचत आले होते. त्या रात्री पहिल्यांदा शेरसिंगांच्या बाजूने वाचले. ते वाईट नव्हते. बायको गेलेली, शेतीचा व्याप, त्यात बिथरलेला मुलगा. त्यांनी जाळलेले पुस्तक पाहिले आणि त्याबद्दल बोलले, बरोबरच बोलले. पण मुलगा आतून जळतो आहे, ते त्यांना दिसले नाही. दगड, फाटलेली पाने, भिंतीवर आपटलेली कंपासपेटी, बंद दार, हा सगळा वाजणारा फोनच असतो. आपण त्याला वात्रटपणा म्हणतो आणि बंद करून झोपतो. सुंदरला कोणीतरी जागे भेटले, अशी माझी श्रद्धा आहे. पण देव जागा आहे म्हणून आईबापांनी झोपावे, असे शास्त्रात कुठे लिहिलेले मला आढळले नाही. माझ्या बाबतीत त्याने ग्रंथालयाच्या बाईंना जागे ठेवले होते, असे मी आता मानते. चर्च, पाळक, नातलग यांना जे जमले नाही ते एका मराठी शाळेतल्या, दुसऱ्या धर्माच्या बाईंनी काही न बोलता केले.

मी दहावीच्या सुट्टीत पुन्हा चर्चला जाऊ लागले. आई का गेली याचे उत्तर मला तिथे मिळाले नाही, आजही नाही. एवढे मात्र कळले, की ज्या येशूला मी नाकारले होते तो माझ्या रागाने निघून गेला नव्हता. स्वतः मरणाच्या आदल्या रात्री बागेत व्याकूळ होऊन प्रार्थना करणारा, मित्रांना जागे राहा म्हणणारा आणि ते झोपले म्हणून खंतावणारा हा देव आहे. चौदा वर्षांच्या मुलीला तो समजू शकतो, हे मला तेव्हा पुरले. साधूंना मिळालेली शांतीही मला अशीच वाटते. प्रश्न तसेच राहिले, घर सुटले, पाय रक्ताळले. पण एकटेपणा गेला.

आपल्या बॅचच्या बहुतेकांची मुले आता आपण शाळेत होतो त्या वयाची आहेत. आपण वेगवेगळ्या देवांना हात जोडतो, काही जण कोणालाच जोडत नाहीत. म्हणून धर्मावर जास्त लिहीत नाही. मुलांसाठी एवढेच: सुंदरने देवाला घातली तशी अट घालू नका, मुदत लावू नका. मनात तसे विचार आले तर घरातल्या कोणालाही, कितीही वाजले असले तरी, उठवा. घरात सांगता येत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर रात्रंदिवस चालू असतो. आणि जे श्रद्धावान आहेत त्यांनी देवाशी भांडायला भिऊ नका, तो ऐकून घेतो.

मुलगी आता बरी आहे. अजून दर पंधरा दिवसांनी समुपदेशकांकडे जाते, कधी रविवारी माझ्याबरोबर चर्चला येते, कधी येत नाही. रात्री दहा मिनिटे मी तिच्या पलंगाच्या कडेला बसते, फोन बाहेर ठेवून. काही दिवस ती बोलते, काही दिवस नाही. माझ्या आईची ती जुनी प्रार्थना तिला पाठ झाली आहे. भाऊ परगावाहून फोन करतो तेव्हा दोघे मिळून म्हणतात.

स्नेहमेळाव्याला ती माझ्याबरोबर येणार आहे. ग्रंथालय बघायचे म्हणते. ते पातळ पुस्तक अजून तिथे आहे का, हे कोणाला माहीत असेल तर कळवा. मी ते परत केले होते, पण फार उशिरा, दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी. बाईंनी दंड घेतला नाही.